वाचकांचे प्रश्न : ड्रॅगनची कवटी, थडग्यातले प्रेत आणि छातीवरचा भार

प्रश्न : ड्रॅगन, एकशिंगी घोडा, एकाक्ष राक्षस हे प्राणी कधीच अस्तित्वात नव्हते, तर लोकांनी शतकानुशतके त्यांच्यावर विश्वास ठेवला तो कशाच्या आधारावर?

उत्तर : पुष्कळदा हा आधार हातात धरून पाहता येईल असा होता. ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट या शहराच्या दंतकथेनुसार तिथल्या दलदलीतील ड्रॅगन मारल्यानंतरच वस्ती उभी राहिली. चौदाव्या शतकात त्या परिसरात एक प्रचंड कवटी सापडली. ती त्याच ड्रॅगनची समजून शहराने जपून ठेवली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस चौकासाठी ड्रॅगनचे शिल्प घडवताना त्याच्या डोक्याची ठेवण या कवटीवरून घेतली गेली. ती कवटी हिमयुगातील लोकरी गेंड्याची आहे, हे १८४० मध्ये फ्रान्झ उंगर या शास्त्रज्ञाने ओळखले. नामशेष झालेल्या प्राण्यांची कल्पनाच ज्या काळात कोणाला नव्हती, त्या काळात ओळखीच्या कोणत्याही जनावराशी न जुळणारी कवटी ड्रॅगनची ठरावी, हा निष्कर्ष मला तरी भाबडा वाटत नाही.

एकशिंगी घोड्याची गोष्ट याहून सोपी आहे. त्याचे शिंग म्हणून युरोपातील राजघराण्यांनी जी वस्तू विषावरचा उतारा समजून प्रचंड किमतीला घेतली, ती आर्क्टिक समुद्रातील नारव्हाल या देवमाशाचा पिळदार सुळा होती, हे डॅनिश वैद्य ओले वर्म यांनी १६३८ मध्ये दाखवून दिले. ग्रीक कथांमधील एकाक्ष राक्षसाच्या बाबतीत मात्र सावधपणे बोलले पाहिजे. सिसिली बेटावर सापडणाऱ्या खुज्या हत्तींच्या कवट्यांमध्ये सोंडेच्या जागी मधोमध मोठे छिद्र असते आणि ते डोळ्याची खोबण वाटून ही कथा जन्मली असावी, असे ओथेनियो आबेल यांनी १९१४ मध्ये सुचवले. ही कल्पना आकर्षक असली तरी तिला प्राचीन ग्रंथांत थेट पुरावा नाही, म्हणून तिला तर्क म्हणावे, सिद्धान्त म्हणू नये.

प्रश्न : मेलेला माणूस उठून जिवंतांचे रक्त पितो, यावर सुशिक्षित अधिकाऱ्यांनीही विश्वास ठेवला होता, असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : अधिकाऱ्यांनी अहवाल लिहिले, हे नक्की खरे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी सर्बियाचा बराच भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला आणि गावकऱ्यांची थडगी उकरण्याची जुनी प्रथा प्रथमच सरकारी कागदांवर उतरली. १७२५ मध्ये किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाच्या माणसाच्या मृत्यूनंतर आठवडाभरात नऊ जण दगावले. रात्री त्यानेच येऊन आपला गळा दाबला, असे त्यांनी मरण्यापूर्वी सांगितल्याचे गावकरी म्हणत होते. शाही अधिकाऱ्याच्या आणि धर्मगुरूच्या उपस्थितीत थडगे उघडले, तेव्हा प्रेत फारसे कुजलेले नव्हते, नखे आणि दाढी वाढल्यासारखी दिसत होती आणि तोंडात ताजे रक्त होते, अशी नोंद आहे. गावकऱ्यांनी प्रेताच्या छातीत खुंटा ठोकला आणि ते जाळून टाकले. सात वर्षांनी मेद्वेद्या गावातील अशाच घटनांवर लष्करी शल्यवैद्यांनी तपशीलवार अहवाल दिला आणि त्यावर युरोपभर वाद झडले.

या नोंदी मला विलक्षण महत्त्वाच्या वाटतात, कारण त्यांतील निरीक्षणे बहुतांशी अचूक आहेत; चुकला आहे तो त्यांचा अर्थ. पुरलेले प्रेत सर्वत्र सारख्या वेगाने कुजत नाही. थंडी आणि मातीचा प्रकार यांनुसार त्यात मोठा फरक पडतो. पोटात साठणाऱ्या वायूंमुळे शरीर फुगून धष्टपुष्ट दिसते आणि त्याच दाबाने काळपट लाल द्रव तोंडावाटे बाहेर येतो. त्वचा आक्रसल्यामुळे नखे व केस वाढल्याचा भास होतो. एकाच घरातील माणसे पाठोपाठ मरत असतील आणि संसर्ग ही गोष्ट ठाऊक नसेल, तर आधी गेलेला माणूसच उरलेल्यांना ओढून नेत आहे, असे वाटणे समजण्यासारखे आहे. सम्राज्ञी मारिया थेरेसा यांनी १७५५ मध्ये आपले वैद्य गेरार्ड फान स्वीटेन यांच्या सल्ल्याने अशा प्रकारे प्रेते उकरण्यास आणि जाळण्यास बंदी घातली.

तरीही ही समजूत सर्बियापुरती किंवा त्या शतकापुरती राहिली नाही. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एक्सेटर येथे १८९२ मध्ये मर्सी ब्राउन ही एकोणीस वर्षांची मुलगी क्षयाने गेली. तिची आई आणि बहीण आधीच क्षयाने गेल्या होत्या आणि भाऊ अंथरुणाला खिळला होता. शेजाऱ्यांच्या आग्रहामुळे तिचे प्रेत तपासण्यात आले. कडाक्याच्या थंडीत दोन महिने ठेवलेले ते शरीर टिकून राहिले होते, पण तोच पुरावा मानून तिचे हृदय जाळले गेले आणि ती राख पाण्यातून भावाला पाजली गेली. तोही काही आठवड्यांत मरण पावला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी त्यापूर्वी दहा वर्षे, १८८२ मध्येच जाहीर केला होता. ज्ञान प्रयोगशाळेत सिद्ध होणे आणि मरणाऱ्या मुलाच्या बापापर्यंत पोहोचणे यांत केवढे अंतर असते, हे या प्रसंगाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

प्रश्न : मध्यरात्री जाग येते, हातपाय हलत नाहीत आणि छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटते. अनेक देशांत याला भुताचा वावर मानतात. हे काय आहे?

उत्तर : याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. स्वप्ने पडतात त्या झोपेच्या अवस्थेत मेंदू शरीराचे बहुतेक स्नायू शिथिल ठेवतो. ही अवस्था पुरती ओसरण्याआधी जाग आली, तर माणूस शुद्धीवर असतो, पण हलू शकत नाही आणि स्वप्नातील प्रतिमा खोलीतच दिसू लागतात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये ती छातीवर बसणारी म्हातारी आहे, ब्राझीलमध्ये भरल्या पोटी झोपलेल्यांची छाती तुडवणारी लांब नखांची बाई आहे, तर तुर्कस्तानात ती काळी आकृती आहे. अनुभव एकच असला तरी त्याला चेहरा प्रत्येक समाजाने आपापला दिला आहे. अपुरी झोप, झोपेच्या अनियमित वेळा आणि उताणे झोपणे यांमुळे हे झटके वाढतात, आणि ते बहुधा काही सेकंदांत किंवा मिनिटांत आपोआप ओसरतात. मात्र ते वारंवार येत असतील किंवा दिवसाही झोप अनावर होत असेल, तर डॉक्टरांना अवश्य भेटा.