काम जमतं, चहाची सुट्टी जमत नाही

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की मला ऑटिझम (स्वमग्नता) आहे हे अडतिसाव्या वर्षी कळलं, आणि तोवर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीच्या (धातू ओतायच्या कारखान्याच्या) क्वालिटी खात्यात पंधरा वर्षं काढून झाली होती. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी इथलीच, बेळगाव, खानापूर, निपाणीकडची, आणि जवळजवळ सगळी नोकरीबद्दल. चार घेतोय, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न (एक आई, वडगाव): माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. आयटीआय मशिनिस्ट झालाय, व्हीएमसी (धातू कापायचं कॉम्प्युटरवरचं मशीन) चांगला चालवतो. ऑटिझम आहे हे तो सहा वर्षांचा असतानाच कोल्हापूरला डॉक्टरांनी सांगितलं होतं. दीड वर्षात ही तिसरी नोकरी सुटली. काम वाईट आहे असं कुणीच म्हणत नाही हो, पण महिना-दोन महिने झाले की उद्यापासून येऊ नको म्हणतात. ह्या वेळी सुपरवायझर चहाला जाताना म्हणाला, मशीनकडे जरा बघ. इन्सर्ट (मशीनचं कापणारं पातं) तुटला, जॉब (मशीनवरचा नग) खराब झाला आणि हा समोर उभा राहून बघत होता. अरे काय करूलालास म्हणून ओरडले तर म्हणाला, तुम्हीच बघ म्हणालात की. सगळे हसले आणि दुसऱ्या दिवशी हिशोब देऊन घरी पाठवला. आता कुठं पाठवू ह्याला?

उत्तर: ताई, मला हसू आलं नाही, कारण मीही तेच केलं असतं. ह्या एका 'बघ'मध्ये आपण काय काय कोंबतो. लक्ष ठेव, सांभाळ, बिघडलं तर थांबव, नुसतं पाहा, आणि मालक 'बघू' म्हणाला तर त्याचा अर्थ चक्क नाही. बाकीची पोरं हे आवाजावरून, तोंडावरून ओळखतात, आपल्याला ते ओळखायला इतका वेळ लागतो की तोवर इन्सर्ट उडालेला असतो. ह्याचा अकलेशी काही संबंध नाही. डेमियन मिल्टन म्हणून एक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की हा गोंधळ दोन्ही बाजूंचा असतो, आपल्याला त्यांचं कळत नाही तसं त्यांनाही आपलं कळत नाही. फक्त नोकरी एकाच बाजूची जाते, हे मी माझ्या पदरचं जोडतो.

मुलाने नवीन ठिकाणी पहिल्या दिवसापासून खिशात वही ठेवायची. काम सांगितलं की लिहायचं आणि चार गोष्टी विचारायच्या: नक्की काय, किती नग, कधीपर्यंत, आणि बिघडलं तर मी मशीन बंद करू की कुणाला हाक मारू. हा चौथा प्रश्न त्याने त्या दिवशी विचारला असता तर आज तो कामावर असता. सुरुवातीला सुपरवायझर वैतागतो, किती प्रश्न विचारतोस म्हणतो, पण महिन्याभरात त्यालाच कळतं की ह्या पोराला एकदा नीट सांगितलं की परत बघावं लागत नाही (आला बघा परत तो शब्द). माझ्या वहीत अजून एक पान आहे, त्यावर नुसती वाक्यं आणि त्यांचे खरे अर्थ लिहिलेत. 'सावकाश होऊ दे' म्हणजे आजच पाहिजे, हे मला तीन वर्षांनी कळलं.

दुसरं म्हणजे जागा. व्हीएमसीवरून काढून फेटलिंगला (ओतलेले नग घासून साफ करायला) टाकतो म्हणाले तर तिथं घेऊच नका. तिथला ग्राइंडरचा आवाज साध्या माणसाला नको होतो, आपल्यातल्या बऱ्याच जणांना तर तो अंगावर मारल्यासारखा लागतो. कानाचे मफ मात्र निर्धास्त मागावेत, फौंड्रीत ते सेफ्टीचं सामान आहे, ते घातल्यामुळे कुणी विचित्र म्हणत नाही. टूलरूम, स्टोअर, इन्स्पेक्शन, सीएमएमची (मापं घ्यायच्या मशीनची) एसी रूम अशा ठिकाणी आपली माणसं टिकतात, एकेक माप व्हर्निअरने घेत बसायचा कंटाळा येत नाही म्हणून. आणि दर आठवड्याला शिफ्ट बदलणार असेल तर एकच शिफ्ट मागून बघा, कायमची रात्रपाळी घ्यायला कुणी तयार नसतं, त्यामुळे ती तर लगेच मिळते. झोप, जेवण, बस सगळं दर सोमवारी उलटंपालटं झालं की पोरगं बुधवारपर्यंत कामाचं राहत नाही, आणि सुपरवायझरला वाटतं हा आळशी झाला.

इंटरव्ह्यू टाळता आला तर टाळा. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन, ऑटिझम असलेल्या आणि गुरं हाताळायच्या जागांचं डिझाईन करून नाव कमावलेल्या, त्या सांगत आल्यात की स्वतःला विकायला जाऊ नका, आपलं काम समोर ठेवा. त्या ड्रॉइंगच दाखवायच्या. आपल्याकडे उद्यमबागेत हे सोपं आहे, लहान शॉपवाला तसाही म्हणतो चार दिवस ये, बघू. तेच मागा. खुर्चीवर बसवून 'तुझ्याबद्दल सांग' म्हणाले तर तो दहावीच्या मार्कांपासून सुरू करेल, मशीनवर उभा केला तर ऑफसेट (हत्याराच्या मापाची जुळवणी) लावून दाखवेल.

आता चहा. खरी नोकरी तिथंच जाते असं माझं पक्कं मत झालंय. माझ्या पहिल्या कंपनीत सगळे गाड्यावर जायचे आणि मी मागं स्क्रॅपच्या ढिगाजवळ एकटा दहा मिनिटं उभा राहायचो, कारण ती दहा मिनिटं शांतता मिळाली नाही तर माझी दुपार जायची. वर्षभराने कळलं की सगळे मला शिष्ट समजतात, आणि मंदी आल्यावर पहिलं नाव माझं निघालं, रिजेक्शन (बाद नग) माझ्या लाईनवर सगळ्यात कमी असताना. पुढच्या ठिकाणी स्टोअरमधले एक मामा भेटले, तेही न बोलता चहा प्यायचे. आम्ही दोघं रोज शेजारी बसून गप्प चहा प्यायलो, सहा वर्षं. लोकांच्या लेखी मी 'माणसात बसणारा' झालो. तुमच्या मुलाला असा एकच माणूस पुरे. आणि एकदाच, फक्त एकदाच, तुम्ही जाऊन सुपरवायझरला भेटा (मालकाला नको). त्याला 'ऑटिझम' शब्द समजावत बसू नका, एवढंच सांगा की ह्याला स्पष्ट सांगायचं, एका वेळी एक, आणि शक्यतो एकाच भाषेत. आपल्या शॉपफ्लोअरवर एकाच वाक्यात मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येतात, ते उलगडण्यात पोरगं मागं पडतं. त्यापेक्षा ड्रॉइंगवर पेनने गोल केलेला बरा.

प्रश्न (टिळकवाडी, वय २९): सीएच्या ऑफिसात जीएसटीचं काम करते, आठ जणांचं ऑफिस आहे. दोन महिन्यांपूर्वी ऑटिझमचं निदान झालं. दिवसभर फोन, क्लाएंट, ट्यूबलाईट, संध्याकाळी घरी आले की तोंडातून शब्द निघत नाही, रविवार अंधार करून पडून काढते. सरांना सांगू का? आई म्हणते बाहेर कळलं तर स्थळं येणार नाहीत. नोकरी सोडून बंगळूरला जावं असंही वाटतं.

उत्तर: निदान सांगणं आणि गरज सांगणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक वेळा दुसरी पुरते. 'सर, तोंडी सांगितलेलं माझ्याकडून सुटतं, व्हॉट्सॲपवर टाकलंत तर चूक होणार नाही.' 'सकाळी अकरापर्यंत मला फोन नको, मी त्या वेळात जास्त रिटर्न काढीन.' ह्यात कुठंही ऑटिझम नाही, फायदा सरांचा दिसतो, आणि कुठला बॉस नको म्हणेल? टेबल खिडकीकडे घ्या, डोक्यावरची ट्यूब बंद ठेवायला सांगा, डोळे दुखतात म्हणा, खोटं नाहीच ते.

कायद्याचं विचारलं नाहीत तरी सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेने समान संधीचं धोरण तपशिलात लिहून जाहीर करायचं असतं. आठ जणांच्या ऑफिसात कायदा दाखवून काही मिळवायला गेलात तर कागद मिळेल आणि सरांचं तोंड वाकडं होईल. तिथं नातंच कामाला येतं. मोठ्या कंपनीत गेलात तर मात्र निदान लेखी सांगण्यात अर्थ आहे.

संध्याकाळी शब्द न निघणं हा दिवसभर इतरांसारखं वागून दाखवण्याचा खर्च आहे, तुम्ही आळशी नाही आणि आजारीही नाही. पण हा खर्च वर्षानुवर्षं केला की माणूस एक दिवस उठूच शकत नाही, हे माझं झालंय म्हणून घाबरवतोय. जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नच्या शेवटच्या तारखा, जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बी ची २०, तुम्हाला पाठ आहेत, मग २१ ला दर महिन्याला रजा आत्ताच टाकून ठेवा, पडायच्या आधीची रजा. राजीनाम्याचा विचार १५ ते २० च्या दरम्यान अजिबात करायचा नाही, तेव्हा सगळ्यांनाच सोडावंसं वाटतं. बंगळूरला एसएपीसारख्या सॉफ्टवेअर कंपन्या ऑटिझम असलेल्यांना मुद्दाम घेतात, एसएपीचा हा कार्यक्रम २०१३ पासूनचा आहे. जरूर बघा. पण तिथलं ट्रॅफिक आणि पीजीतली रूममेट पण त्याच पॅकेजमध्ये येते, इथं निदान रविवारी अंधार करायला स्वतःची खोली आहे.

स्थळांचं मला विचारू नका, ते सदर वेगळं आहे. आईला एवढंच सांगा की लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं स्वस्त पडतं.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, निपाणी): मुलगी कोल्हापूरला शिकते, ऑटिझम आहे. सरकारी नोकरीत कोटा आहे म्हणतात. सर्टिफिकेट कर्नाटकचं काढावं की महाराष्ट्राचं?

उत्तर: गुरुजी, कोटा आहे पण बारीक आहे. सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसेबिलिटी, मानसिक आजार आणि बहुविकलांगता ह्या सगळ्यांत मिळून. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त लिहिलेलं हवं. मोजतात ते आयएसएए ह्या भारतीय मापनाने, त्यात ४० मुद्दे असतात. चांगलं बोलणाऱ्या, शिकलेल्या मुलींना कधी कधी कमी गुण लावतात, म्हणून लहानपणच्या आणि घरातल्या अडचणी लिहून घेऊन जा, बोर्डासमोर ती नीट बोलली म्हणजे सगळं ठीक आहे असं व्हायला नको. अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, किंवा ज्या सरकारी दवाखान्यात उपचार चालू आहेत तिथंही. तुमच्या आधारवर निपाणी असेल तर बेळगावातून काढणं सरळ. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) देशभर चालतं, त्यामुळे सीमेच्या ह्या बाजूचं की त्या बाजूचं ह्याची काळजी निदान इथं तरी नको. मात्र कर्नाटक सरकारच्या नोकरीला कन्नड लागतंच, ते आत्तापासून सुरू करा. खाजगीत लागली तर ईएसआयची (कामगार विमा योजनेची) महिन्याची पगारमर्यादा इतरांना २१,००० आहे, दिव्यांगांना २५,०००, हे तिच्या एचआरलाही माहीत नसेल.

प्रश्न (खानापूर): धाकटा भाऊ ३३ वर्षांचा, ऑटिझम आहे, कुठंच टिकत नाही. घराजवळ किराणा दुकान काढून देऊ का?

उत्तर: किराण्याच्या काउंटरवर नको. दिवसभर अनोळखी माणसं, उधारी, 'वहिनी कशी आहे', आणि सुट्टे पैसे, ह्याहून वाईट जागा मला सुचत नाही. दुकान काढायचंच तर काउंटरला तुम्ही बसा आणि माल, वजन, पॅकिंग, हिशोब त्याच्याकडे द्या. पण तुमच्या दोन पानी पत्रात त्याला काय करायचंय हे कुठंच नाही. विचारा त्याला, आणि लगेच उत्तर आलं नाही तर परत विचारू नका, दोन-तीन दिवस थांबा. मला माझ्या भावाने असंच विचारलं होतं, मी उत्तर चौथ्या दिवशी जेवताना दिलं.