एम.ए.च्या लघुप्रबंधाला विषय मिळालाय, पण संशोधनाचं नियोजन कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की बीड जिल्ह्यातल्या कॉलेजात समाजशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, सरांनी 'ऊसतोड कामगारांच्या समस्या' हा विषय दिलाय, ऑगस्ट निम्मा संपला आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. मी मराठवाड्यातच पदव्युत्तर वर्गाला शिकवतो, असे लघुप्रबंध दरवर्षी हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ऊसतोडीचं कॅलेंडर कागदावर मांडा, विद्यापीठाचं त्यानंतर. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या पट्ट्यातून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. आपली मुलं मात्र चौथ्या सत्रात, जानेवारीत, प्रश्नावल्यांच्या झेरॉक्स घेऊन गावात पोचतात. तेव्हा निम्म्या घरांना कुलपं असतात. मग समोर जो येईल त्याच्याकडून फॉर्म भरून घेतले जातात, आणि पुढे कितीही तक्ते काढले तरी त्यात ऊसतोड करणारा माणूसच नसतो.

म्हणून विषय असा अरुंद करा की तुमचं सत्र आणि त्यांचा हंगाम एकमेकांना जुळेल. मजुरी, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), मुकादमाशी म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराशी होणारा हिशोब, कोपीतलं म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या झोपडीतलं राहणं, बायकांचं आरोग्य, मुलांचं शिक्षण, हे सगळं एका लघुप्रबंधात मावत नाही. आरोग्याचंच बघा. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, शासनाला समिती नेमावी लागली. पुरेशी तयारी नसताना, पहिल्याच भेटीत एखाद्या बाईला असलं काही विचारणं मला योग्य वाटत नाही.

माझी सूचना अशी: 'आई-वडील तोडणीला गेल्यावर गावात राहिलेल्या मुलांची शाळा कोणाच्या आधारावर टिकते, आणि कोणाची का सुटते?' एक गाव घ्या, फार तर दोन. या प्रश्नाची माणसं जानेवारीत गावातच असतात: आजी-आजोबा, चुलते, शिक्षक, हंगामी वसतिगृह चालू असेल तर तिथली मंडळी. आई-वडिलांना आत्ता, टोळ्या निघायच्या आधी भेटून घ्या. मूल मागे ठेवायचं की बरोबर न्यायचं हे घरात याच दिवसांत ठरत असतं, आणि ठरत असतानाचं बोलणं नंतरच्या आठवणीपेक्षा कितीतरी खरं असतं. गुढीपाडव्याच्या आसपास माणसं परतू लागली की दोन-चार घरी पुन्हा जाऊन या. सरांना हे एका पानात लिहून दाखवा: प्रश्न काय, कोणाला भेटणार, कुठे, कधी, कशासाठी. दिलेल्या विषयाच्या आतच राहून तो नेमका केलेला असला तर सर सहसा नाही म्हणत नाहीत.

प्रश्नावली हे खरं कसबाचं काम आहे. 'आपले वार्षिक उत्पन्न किती?' याला कोणीही धड उत्तर देऊ शकत नाही, कारण तो हिशोब तसा होतच नाही. उचल किती घेतली, कोयत्यामागे किती, म्हणजे जोडीची मिळून किती, टनाला काय भाव धरला, हंगाम संपला तेव्हा किती फिटली आणि किती अंगावर राहिली, असं विचारा. माणूस बोलायला लागतो, आणि उत्पन्नाचं चित्र त्यातूनच उभं राहतं. आधी चार-पाच घरी प्रश्न विचारून बघा, जिथे लोक अडखळतात तिथे प्रश्न बदला, मगच झेरॉक्स काढा. गूगल फॉर्मचा इथे उपयोग नाही.

मुकादम शेजारी बसलेला असताना मुलाखत घेऊ नका. त्याच्या समोर उचलीबद्दल जे सांगितलं जातं ते धरून चालता येत नाही. तुम्ही त्याच गावचे असाल तर आणखी सांभाळा. तुमचं घर कोणाच्या बाजूचं आहे हे लोकांना ठाऊक असतं. मुलांशी बोलायला घरच्यांची आणि शाळेची परवानगी घ्या, प्रबंधात खरी नावं घालू नका. 'याचा आमाला काय फायदा?' असं कोणी ना कोणी विचारणारच. योजना मिळवून देऊ असं सांगू नका. हा अभ्यासाचा भाग आहे, माझ्या हातात काही नाही, हे स्पष्ट सांगा; लोक तरीही बोलतात. आणि त्याच रात्री तारीख घालून टिपण पूर्ण करा.

हजेरीचे महिनावार आकडे शाळेकडून मिळतील. तोंडी विनंतीवर नाही मिळाले तर माहितीच्या अधिकारात मागा, फक्त विद्यार्थ्यांची नावं मागू नका. त्या कायद्यात उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून अर्ज वेळेत टाका. जिल्ह्याची आकडेवारी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' या प्रकाशनात सापडते. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत आपला जिल्हा 'Bid' अशा स्पेलिंगने आहे, धाराशिव उस्मानाबाद या नावाने. शोधताना हे लक्षात नसलं की मुलं माहितीच नाही म्हणून परत येतात.

वाचनासाठी शोधगंगा उघडा. देशभरातले पीएच.डी. प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. पाच-सहा प्रबंध निवडा आणि संशोधन पद्धतीचं प्रकरण आणि परिशिष्टातली प्रश्नावली आधी वाचा. संदर्भ झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरात ठेवा, तेही फुकट आहे. इंग्रजीतला उतारा मराठीत आणून संदर्भ न देणं हीसुद्धा चोरीच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण ती मर्यादा आहे म्हणून तेवढं उचलायचं असा अर्थ काढू नका.

लिहिताना पद्धतीचं प्रकरण सर्वांत आधी, क्षेत्रकाम चालू असतानाच लिहा. प्रस्तावना शेवटी. मराठवाड्याचा भूगोल, निजामकाळ, जायकवाडी यावर तीस पानं भरलेले प्रबंध मी दरवर्षी बघतो. त्यातलं तुमच्या प्रश्नाला लागतं तेवढं दीड पानात बसतं. तोंडी परीक्षेत त्या तीस पानांवर सहसा प्रश्न येत नाही. हेच गाव का, हीच घरं का, जी कुटुंबं मुलांना बरोबर घेऊन गेली त्यांचं काय, हे विचारतात. त्यांची नोंदही सप्टेंबरातच करून ठेवा, दिवाळीनंतर ती गावात सापडणार नाहीत.