देव देशांचा न्याय करतो, मग मी काय करू?

प्रश्न : ताई, बायबलमधलं आमोसचं पुस्तक वाचताना भीतीच वाटते. देव अख्ख्या देशांचा न्याय करणार, तर माझ्यासारख्या साध्या माणसाने काय करायचं? – एक वाचक, पुणे कॅम्प

उत्तर : दादा, आमोस हा देवाचा संदेष्टा, तकोवा गावचा मेंढपाळ, इ.स.पू. 8व्या शतकातला. तो आधी दिमिष्क (दमास्कस), गज्जा (गाझा), सोर (टायर) अशा शेजाऱ्यांना सुनावतो आणि मग एकदम यहूदा-इस्राएलवर, म्हणजे आपल्याच लोकांवर येतो, आरोप काय तर गरिबाला चपलांच्या जोडापायी विकलं, तराजूत खोट केली आणि सण मात्र जोरात! म्हणून मी तरी दुसऱ्या देशांची पापं मोजत बसत नाही. मंडईत काटा मारणारा हात रविवारी चर्चमध्ये जोडला तर देवाला ते भजन नकोच आहे, 5व्या अध्यायात स्पष्ट आहे. घरकामाच्या मावशींचा पगार थकलाय का, तिथून सुरुवात करा, आजच.