ऑर्डर ॲपमधून पेमेंट लिंक: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचा इचलकरंजीत कापडाचा होलसेल व्यापार आहे. ऑर्डरसाठी पॉवर ॲप्समध्ये (मायक्रोसॉफ्टचं ॲप बनवायचं साधन) छोटं ॲप केलंय, नोंदी शेअरपॉइंटच्या लिस्टमध्ये (मायक्रोसॉफ्टचा ऑनलाइन तक्ता) जातात. ऑर्डर पडली की गिऱ्हाइकाला रेझरपेची (ऑनलाइन पेमेंट सेवा) पेमेंट लिंक जावी, म्हणून कस्टम कनेक्टर (बाहेरच्या सेवेशी जोडणारा, आपण बनवलेला दुवा) बनवला. पण टेस्ट करताना कधी ४०१ येतो, कधी ४००. काय चुकतंय?

उत्तर: हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. ४०१ म्हणजे तुमची ओळखच पटली नाही. ४०० म्हणजे ओळख पटली, पण पाठवलेल्या माहितीत खोट आहे.

आधी ४०१ बघू. कनेक्टरच्या सिक्युरिटी टॅबवर 'बेसिक' निवडलंय का? 'एपीआय की' हे नाव वाचून बरेच जण तोच पर्याय घेतात. रेझरपेला बेसिक लागतं: युजरनेमच्या जागी की आयडी, पासवर्डच्या जागी की सीक्रेट. सीक्रेट फक्त की बनवतानाच, एकदाच दिसतं. तेव्हा जपून ठेवलं नसेल तर नवी की काढावी लागते. टेस्टची आयडी आणि लाइव्हचं सीक्रेट अशी जोडी झाली, किंवा पेस्ट करताना शेवटी एक स्पेस आली, तरी ४०१ च येतो. होस्टच्या चौकटीत फक्त 'एपीआय डॉट रेझरपे डॉट कॉम' एवढंच हवं, त्याच्या आधी एचटीटीपीएस नको.

४०० चं सगळ्यात नेहमीचं कारण रक्कम. ती रुपयांत नाही, पैशांत (१ रुपया = १०० पैसे) आणि पूर्णांकात द्यायची असते. १,२५०.५० रुपयांची ऑर्डर असेल तर १२५०५० पाठवा. रुपयांना १०० ने गुणून राउंड करा; नुसत्या गुणाकाराने कधी कधी शेपटीला दशांश राहतो आणि विनंती परत येते. लिंकची मुदत देत असाल तर ती १९७० पासूनच्या सेकंदांत द्या, मिलिसेकंदांत नको, आणि आत्तापासून किमान १५ मिनिटं पुढची हवी. पॉवर ऑटोमेटमध्ये (मायक्रोसॉफ्टचं कामं आपोआप करणारं साधन) मुदतीच्या टिक्समधून (टिक म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग) १ जानेवारी १९७० चे टिक्स वजा करा आणि एक कोटीने भागा.

रेफरन्स आयडीत तुमचा ऑर्डर नंबर घाला (मर्यादा ४० अक्षरांची). तोच नंबर दुसऱ्यांदा गेला तर ४०० येईल. हा मात्र तुमच्या फायद्याचा आहे: एका ऑर्डरच्या दोन लिंक निघत नाहीत.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. हा कनेक्टर थेट ॲपमध्ये जोडू नका. जोडलात तर ॲप उघडणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचं कनेक्शन करावं लागतं, म्हणजे दुकानातल्या प्रत्येक पोराच्या हातात सीक्रेट द्यावं लागेल. त्याऐवजी शेअरपॉइंटवर 'व्हेन ॲन आयटम इज क्रिएटेड' हा ट्रिगर (काम सुरू करणारी घटना) लावून पॉवर ऑटोमेटचा फ्लो (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी) करा आणि कनेक्टर तिथे वापरा. असा फ्लो त्याच्या मालकाच्या कनेक्शनवर आणि मालकाच्याच लायसन्सवर चालतो. कस्टम कनेक्टर प्रीमियम आहे, ऑफिसच्या नेहमीच्या मायक्रोसॉफ्ट ३६५ लायसन्समध्ये तो बसत नाही, हे आधीच धरून चाला. ट्रिगर 'क्रिएटेड ऑर मॉडिफाइड' घेऊ नका. फ्लो लिंक त्याच ओळीत लिहील, त्या बदलाने फ्लो पुन्हा सुटेल आणि गोल फिरत राहील.

उत्तरात आलेला लिंकचा पत्ता आणि लिंकची आयडी, दोन्ही लिस्टमध्ये साठवा. आयडीची गरज खाली तिसऱ्या उत्तरात येईल.

प्रश्न: कनेक्टरमध्ये नवं फील्ड वाढवलं, पण ॲपमध्ये दिसतच नाही.

उत्तर: 'अपडेट कनेक्टर' दाबल्यावर ॲपच्या डेटा पॅनलमधून तो काढून पुन्हा जोडा, ॲप जुनाच साचा (फील्डांची रचना) धरून बसलेलं असतं. उत्तराचा साचा नमुन्यावरून आयात केला असेल तर नमुना भरलेला होता ना, तेही तपासा. त्यात फील्ड रिकामं असलं तर त्याचा प्रकार चुकीचा ठरतो.

प्रश्न: पैसे भरल्यावर रेझरपेचा वेबहुक (ठरवलेल्या यूआरएलवर आपोआप येणारा निरोप) फ्लोला कळवतो, पण लेजरमध्ये कधी कधी एकाच पेमेंटच्या दोन जमा दिसतात. शिवाय वेबहुकची यूआरएल कुणाला कळली तर?

उत्तर: वेबहुक एकदाच येईल अशी हमी नसते. रेझरपे ५ सेकंदांत होकार मिळण्याची वाट बघतं, नाही मिळाला तर तोच निरोप पुन्हा पाठवतं. म्हणून जमा लिहिण्याआधी ती ऑर्डर 'पेड' झालेली आहे का ते बघा आणि झाली असेल तर फ्लो तिथेच थांबवा. ट्रिगरमध्ये कन्करन्सी कंट्रोल (एका वेळी किती निरोप हाताळायचे ते) चालू करून १ ठेवा. नाहीतर जवळजवळ एकाच वेळी आलेले दोन निरोप दोघेही 'अजून पेड नाही' असं वाचतील.

यूआरएलबद्दलची तुमची भीती रास्त आहे. रेझरपे प्रत्येक निरोपासोबत एचएमॅक सही (निरोप खरा आहे हे गुप्त कीने सिद्ध करणारा कोड) पाठवतं, पण ती पडताळणारं फंक्शन पॉवर ऑटोमेटच्या एक्स्प्रेशन्समध्ये नाही. ॲझ्युअर फंक्शन (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चालणारा छोटा प्रोग्राम) लिहिता येत असेल तर पडताळणी तिथे करा. नसेल तर निरोपातल्या रकमेवर आणि स्थितीवर अजिबात विश्वास ठेवू नका. त्यातून फक्त लिंकची आयडी घ्या, ती तुमच्या लिस्टमध्ये आहे का बघा, आणि त्याच कनेक्टरमधल्या 'गेट' कृतीने रेझरपेलाच त्या लिंकची स्थिती विचारा. उत्तरात स्थिती 'पेड' असेल आणि भरलेली रक्कम ऑर्डरच्या पैशांइतकी असेल, तरच जमा लिहा. खोटा निरोप कुणी पाठवला तरी तो या पायरीवर अडतो.