बुडालेल्या जहाजांवरची स्पॅनिश चांदीची नाणी जमवायची आहेत. अस्सल कशी ओळखावीत आणि सुरुवात कुठून करावी?

समजा 'आतोचा' या बुडालेल्या स्पॅनिश जहाजाचं नाणं ऑनलाइन अगदी स्वस्तात दिसलं, तर घेऊन टाकायचं का? थांबा, आधी जाहिरात नीट वाचा. त्या जहाजावर नाण्यांबरोबर चांदीच्या मोठाल्या लगडीही होत्या. ती चांदी वितळवून आज पाडलेल्या प्रतिकृती राजरोस विकल्या जातात. विकणारा खोटं बोलत नाही. चांदी त्या जहाजावरचीच असते, फक्त नाणं कालपरवाचं असतं.

अशा नाण्याचे आपण दोन गोष्टींसाठी पैसे मोजतो: एक नाणं, दुसरं जहाज. नाण्यावर जहाजाचं नाव कुठेच नसतं, ते असतं कागदावर. 'नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा' ६ सप्टेंबर १६२२ रोजी फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळच्या बेटांपाशी वादळात बुडालं. त्याचा मुख्य साठा खजिनाशोधक मेल फिशरच्या चमूला २० जुलै १९८५ रोजी, सोळा वर्षांच्या शोधानंतर सापडला. त्या मोहिमेतल्या नाण्यांना फोटो, वजन आणि प्रत (ग्रेड) लिहिलेलं प्रमाणपत्र दिलं गेलं. तो कागद हरवला की तेच नाणं निम्मं झालं असं मी तरी समजतो. आणि प्रत १ ते ४ ही मुख्यतः समुद्राने नाणं किती खाल्लं याची आहे. ठसा किती स्वच्छ उमटलाय हे तुमचं तुम्हालाच बघायचंय. ढिगाच्या मध्ये दबलेली नाणी छान टिकली, बाहेरच्या बाजूची चाळणी झाली.

आता नाण्याकडे बघू. आतोचावरची बहुसंख्य नाणी पोतोसीच्या टांकसाळीतली, म्हणजे आजच्या बोलिव्हियातली. चांदीच्या पट्टीचा तुकडा तोडायचा, कडा कातरून वजन बसवायचं आणि दोन ठशांमध्ये धरून वरून हातोडा. त्यामुळे आकार चिक्कीच्या तुकड्यासारखा वेडावाकडा. रियाल हे तेव्हाचं स्पॅनिश चांदीचं चलन, आणि आठ रियालच्या नाण्याचं मूळ वजन सुमारे २७ ग्रॅम. एका बाजूला राजघराण्याची ढाल, ढालीच्या डावीकडे पोतोसीचा 'पी' आणि कस तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं अक्षर, उजवीकडे रोमन आठ. दुसऱ्या बाजूला क्रूस आणि त्याच्या चार खणांत किल्ले व सिंह. सालही असायचं, पण अगदी कडेला. ठसा जरा सरकला की साल नाण्याच्या बाहेर. म्हणून साल दिसणाऱ्या नाण्याचा भाव वेगळाच असतो.

प्रत्येक ठोका हाताचा, त्यामुळे दोन नाणी हुबेहूब सारखी निघणं अशक्य. एकाच विक्रेत्याकडे त्याच जागी तीच चीर असलेली दोन नाणी दिसली तर समजा साच्यातली आहेत. ओतीव नकलेवर भिंगातून बुडबुड्यांचे बारीक गोल खड्डे दिसतात, कधी कडेने साच्याच्या जोडाची रेघही सापडते. समुद्राने खाल्लेला पृष्ठभाग खरबरीत असतो, पण त्यात असा गोलसर नेटकेपणा नसतो.

साधा इतिहास माहीत असला तरी बरीच फसवणूक टळते. पोतोसीने नाण्यावर साल घालायला १६१७ मध्ये सुरुवात केली. पुढे तिथल्या चांदीत भेसळ उघडकीस आली, काही जणांना देहदंड झाला आणि १६५२ पासून नाण्याची घडणच बदलली: दोन खांब आणि खाली लाटा. म्हणजे खांब-लाटांचं पोतोसी नाणं आतोचाचं म्हणून दाखवलं, तर पुढे बोलायचीच गरज नाही. राजाचा चेहरा असलेली मेक्सिकोची रियाल तर १७७२ पासूनची.

सुरुवातीला मी 'एल कासादोर' सुचवेन. १७८४ मध्ये बेराक्रूसहून न्यू ऑर्लिन्सला चांदी घेऊन निघालेलं हे जहाज बेपत्ता झालं आणि १९९३ मध्ये एका मासेमारी बोटीच्या जाळ्यात सापडलं. (बोटीचं नाव 'मिस्टेक'. खरंच.) अर्धा आणि एक रियालची लहान नाणी या क्षेत्रात सर्वात परवडणारी. ती यंत्रावर पाडलेली असल्याने वाचायलाही सोपी.

हात बसला की 'हॉलंडिया'कडे वळा. जहाज डच ईस्ट इंडिया कंपनीचं, आशियाला निघालेलं, १७४३ मध्ये इंग्लंडजवळच्या सिली बेटांपाशी बुडालं. पोटात मात्र स्पॅनिश चांदी. आपल्याला हे जवळचं वाटायला कारण आहे. युरोपीय व्यापाऱ्यांनी सुरतेला आणलेली रियाल मुघल टांकसाळीत ढिगाने वितळली आणि त्यांचे रुपये झाले. आठ रियालचं एक नाणं दोन रुपयांहून थोडं अधिक भरायचं. जी बुडाली ती रियालच राहिली. 'मर्सिडीज'चं नाणं मात्र कोणी देऊ केलं तर लांब राहा. २००७ मध्ये वर काढलेली त्या जहाजाची जवळपास सहा लाख नाणी अमेरिकी न्यायालयाच्या आदेशाने २०१२ मध्ये स्पेनला परत गेली.

नाणं घरी आलं की चिंच, लिंबू, टूथपेस्ट काही लावू नका. सराफाकडे कस लावून घ्यायलाही नेऊ नका. कसोटीवरचा एक ओरखडाही कायमचा राहतो.

परदेशी लिलावातून मागवणार असाल तर कस्टम्सचा खर्च आधी काढा. आणि 'नाही पटलं तर परत पाठवू' हा हिशेब धरू नका. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवायला मनाई आहे. म्हणून दोन्ही बाजूंचे, कडेचे आणि प्रमाणपत्राचे मोठे फोटो पैसे भरण्याआधीच मागवा. द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरा विक्रेता बघा.