डब्यावरची ओळ आणि २ नोव्हेंबर

मधुमेहाच्या पावडरीवर गेलेल्या पैशांबद्दल इंदूरच्या लोकमान्य नगरातून आलेलं हे पत्र पाच पानांचं आहे. त्यातली निम्म्याहून अधिक जागा ‘माझी खरंच फसवणूक झाली का?’ या एका प्रश्नाने खाल्ली आहे. काका, झाली. तुम्हालाही ते ठाऊक आहे. असंच पत्र ग्वाल्हेरहून आणि बडोद्याहून पाठवणाऱ्यांनाही ठाऊक असतं. तेव्हा त्यावर मी शाई घालवत नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटच्या पानावर, ताजा कलम म्हणून लिहिली आहे: ‘सध्या पितृपक्ष चालू आहे, तो संपला की दिवाळीनंतर वकील बघतो.’

दिवाळीनंतर वकील मिळेल. केस बहुधा उरलेली नसेल.

इतर वाचकांसाठी हकीकत थोडक्यात सांगते. १३ ऑगस्ट २०२३, रविवार. एका मराठी मंडळाच्या भाड्याने दिलेल्या सभागृहात ‘मोफत आरोग्य तपासणी शिबिर’. काकांच्या हातात धातूची एक दांडी दिली, आणि मिनिटभरात प्रिंटरमधून रंगीत तक्ते बाहेर पडले: लिव्हर पिवळ्यात, गुडघे लाल, स्वादुपिंड गडद लाल. रक्ताचा थेंबही घेतला नाही. त्याच टेबलावर वर्षभराचं ‘डायबेटिस रिव्हर्सल पॅकेज’ ८४,००० रुपयांना विकलं गेलं. ६०,००० यूपीआयने गेले, २४,००० रोख, रोखीची पावती नाही. पांढरा कोट घातलेल्या एका गृहस्थाने मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बंद करायला सांगितलं, ‘नाहीतर पावडर लागू पडणार नाही.’ २ नोव्हेंबर २०२३ ला काका चक्कर येऊन पडले, साखर ४८० निघाली, चार दिवस इस्पितळात. तिथल्या डॉक्टरांनी डबा मागवून वाचला आणि ही पावडर औषध नाही, हे तोंडावर सांगितलं. २० जानेवारी २०२४ ला काकांनी पैसे परत मागितले. व्हॉट्सॲपवर उत्तर आलं, ‘कोर्स पूर्ण होऊ द्या, मग बघू.’ जूनमध्ये ऑफिसचं शटर कायमचं खाली. त्यानंतर सव्वा वर्ष काका गप्प, आणि आता सप्टेंबर २०२५ मध्ये हे पत्र.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ६९. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार आली नाही, तर ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांचं न्यायालय, ती दाखल करून घेत नाही. तुमच्या प्रकरणात बाकी सगळं कसंही सावरता येईल, पण ही दोन वर्षं कोणत्या तारखेपासून मोजायची यावर सगळं उभं आहे.

समोरचा वकील पहिल्याच तारखेला सांगेल, कारण घडलं १३ ऑगस्ट २०२३ ला, पैसे दिले त्या दिवशी. तसं धरलं तर मुदत गेल्या महिन्यातच संपली. आपलं म्हणणं वेगळं राहील. त्या दिवशी तुम्हाला फसवणूक कळलीच नव्हती, कळण्याचं साधनही नव्हतं. ती उघड झाली २ नोव्हेंबरला, इस्पितळात. जे नुकसान लपलेलं असतं त्याची मुदत ते कळल्यापासून, किंवा जागरूक माणसाला कळायला हवं होतं तेव्हापासून धरायची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेलं आहे. त्यावर मी उभी राहीन.

पण त्याच तत्त्वाचा दुसरा हात तुमचाच कान पकडतो. २०१० च्या एका निकालात शस्त्रक्रियेनंतर पोटात राहिलेला गॉज (जाळीदार कापडाची पट्टी) नऊ वर्षांनी निघाला होता. तरी तक्रार मुदतबाह्य ठरली. त्या बाई स्वतः नर्स होत्या, पोट सतत दुखत होतं, मग इतकी वर्षं तपासून का घेतलं नाही, असं न्यायालयाने विचारलं. तुम्हाला तर २ नोव्हेंबरला डॉक्टरांनी सरळच सांगितलं होतं. म्हणून त्यानंतरची कुठलीही तारीख धरून बसू नका. जानेवारीतला ‘मग बघू’ हा मेसेज मुदत वाढवत नाही. नुसत्या पत्रव्यवहाराने घड्याळ थांबत नाही, हे न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. पॅकेज वर्षभराचं होतं, म्हणून सेवा १२ ऑगस्ट २०२४ पर्यंत चालू होती, हा मुद्दा पर्यायी म्हणून लिहू, पण त्यावर घर बांधायचं नाही.

थोडक्यात, शेवटची तारीख २ नोव्हेंबर २०२५. तो रविवार आहे, म्हणून सोमवारी चालेल, असं कुणी सांगेल. ते बरोबरही असेल. पण मी अशा सोमवारवर कुणाची केस टांगत नाही. दिवाळीच्या सुट्ट्या मध्ये आहेत, पोर्टल शेवटच्या दिवशी बसतं, आणि अर्जात एक कागद कमी म्हणून परत आला की आठवडा जातो. दसरा २ ऑक्टोबरला आहे. त्याच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. पितृपक्षात नवं काम नको म्हणता, पण हे नवं काम कुठे आहे? दोन वर्षांपूर्वीचं राहिलेलं आहे.

तक्रारीसोबत त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखाली उशीर माफ करण्याचा अर्जही जोडा, ‘गरज पडल्यास’ म्हणून. म्हणजे आयोगाने १३ ऑगस्टच धरला तरी दार उघडं राहतं. तेव्हा उशीर दीड-दोन महिन्यांचाच दिसेल, आणि समाधानकारक कारण असेल तर आयोग माफ करू शकतो. कारण मात्र खरं आणि तारीखवार हवं. तुमच्या पत्रातली कारणं वाचली: धाकटीचं लग्न, मग घराचं रंगकाम, मग ‘लोक काय म्हणतील, बँकेत जन्म घालवलेला माणूस असा कसा फसला.’ यातलं एकही अर्जात लिहू नका. आजारपण, कंपनीने दिलेलं खोटं आश्वासन, बंद झालेलं ऑफिस आणि पत्ता शोधण्यात गेलेला वेळ, एवढंच लिहा.

आता पुराव्याकडे. पावडरीचे डबे तुम्ही भंगारात दिले, एक तेवढा उरलाय आणि त्यात वहिनींनी मेथीदाणे भरलेत, असं लिहिलंय. मेथीदाणे आजच दुसरीकडे काढा. डबा धुऊ नका, लेबल खरवडू नका. त्याच्या मागच्या बाजूला, इतक्या बारीक अक्षरात की भिंग लागेल, १४ आकडी परवाना क्रमांक असेल. तो अन्नाचा परवाना आहे, औषधाचा नाही. आणि त्याच्या आसपास इंग्रजीत एक ओळ असायला हवी: ‘औषधी उपयोगासाठी नाही’ या अर्थाची. अशा पूरक आहारावर ती छापणं नियमाने बंधनकारक आहे. म्हणजे डबा स्वतः म्हणतो मी औषध नाही, आणि टेबलामागचा माणूस म्हणतो गोळ्या बंद करा, हाच इलाज. दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि कुठला ते ठरवायला आयोगाला तज्ज्ञ बोलवावा लागणार नाही. ओळ छापलेलीच नसेल, तर तो आणखी वेगळा भंग. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ताही सापडेल. शटर बंद केलेल्या विक्रेत्याबरोबर त्यालाही पक्षकार करा, नाहीतर जिंकूनही वसूल कुणाकडून करणार?

शिबिराचं मराठी पत्रक जपून ठेवलंत, हे तुम्ही केलेलं एक शहाणपणाचं काम. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असं त्यावर छापलंय म्हणता. औषधं आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ मधल्या रोगांच्या यादीत मधुमेह आहे. त्या रोगांवर उपाय असल्याची जाहिरात करणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. त्यातून तुम्हाला पैसा मिळणार नाही, पण दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून ग्राहक तक्रारीत पत्रक उपयोगी पडेल. इथे आयोगात हिंदी चालतं, तेव्हा पत्रकाचं हिंदी भाषांतर सोबत लावा.

खरी अडचण दुसरीकडेच आहे आणि तिचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय. डिस्चार्ज कार्डवर ‘रुग्णाने स्वतःहून औषधे बंद केली’ असं लिहिलेलं आहे. समोरचा वकील हीच ओळ मोठ्याने वाचेल. तिला उत्तर तुमच्या जुन्या फोनमध्ये आहे. कंपनीच्या ‘हेल्थ कोच’ने ऑगस्टअखेर विचारलं होतं, ‘अंकल, गोली बंद की या नहीं?’ आणि तुम्ही ‘हो’ लिहिलंत. हा एक मेसेज तुमच्या पाच पानांपेक्षा जड आहे. तो फोन नातवाकडे असेल तर परत घ्या, रिसेट करू देऊ नका. चॅटचे छापील स्क्रीनशॉट आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या काटेकोर नियमांना तितका बांधलेला नसतो, तरी समोरच्याला तोंड उघडायला जागा का द्यायची? शिबिराआधीचा आणि इस्पितळातला, असे दोन्ही एचबीए१सी रिपोर्ट शोधा. ती तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब देते, त्यामुळे गोळ्या सुटल्यावर साखर किती वाढली ते कागदावर दिसेल. इस्पितळाकडून पूर्ण केसपेपर लेखी मागा. ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि ते तीन वर्षंच जपायचं बंधन असतं. तुमची तीन वर्षं नोव्हेंबर २०२६ मध्ये भरतात.

बाकीचं पटपट. पावतीमागे ‘वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ असं छापलंय, ते सोडून द्या. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, तेव्हा इंदूरच. ‘नो रिफंड’ची अट घाबरवायला असते, पण तक्रारीत ‘अनुचित करार’ असा शब्द घालून ती आव्हानित करू नका. तो विषय राज्य आयोगाच्या अखत्यारीत जातो आणि समोरच्याला भोपाळचा रस्ता दाखवायला निमित्त मिळतं. अनुचित व्यापार प्रथा आणि सेवेतली त्रुटी, एवढंच म्हणा. रोख २४,००० ची पावती न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे, पण ती रक्कम सिद्ध करायला त्या दिवशी बँकेतून पैसे काढल्याची नोंद लागेल. नसेल तर त्या पैशाची मी खात्री देत नाही. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे, म्हणून शुल्क शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं, मुलगा पुण्याहून करून देईल, सही मात्र तुमची.

१९१५ वर फोन केला होता म्हणून तक्रार झाली, असं तुम्ही समजून बसलात. ती हेल्पलाइन आहे, आयोग नाही. तिथल्या तक्रार क्रमांकाने कलम ६९ थांबत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही नाही, आणि पोलिसांकडच्या अर्जानेही नाही. पोलिसांत जायचंच असेल तर घटना २०२३ ची आहे, तेव्हा जुन्या भारतीय दंड संहितेचं फसवणुकीचं कलम ४२० च लागेल. पण त्यांच्या ‘जांच चल रही है’ वर विसंबून थांबू नका.

किती दिवस लागतील? कायद्यात लिहिलंय, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून तीन महिने, तपासणी लागली तर पाच. हे वाचून आमच्या बार रूममध्ये हसतात. खरा वेळ नोटीस पोहोचण्यात जातो, ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा येतो आणि दोन तारखा जातात. म्हणूनच डब्यावरचा पत्ता, यूपीआयवर दिसणारं खातेदाराचं नाव आणि पावतीवरचा जीएसटी क्रमांक पहिल्याच दिवशी द्या. एकदा नोटीस लागली की समोरच्याला लेखी उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे मुदत देता येत नाही. भरपाई किती मिळेल ते आत्ता सांगणं बरं नाही. तुमच्या मनातले २५ लाख मात्र विसरा. पॅकेजचे पैसे, इस्पितळाचं बिल आणि मनस्तापाची वाजवी रक्कम मागा.

मंडळाच्या विश्वस्तांना पक्षकार करावं का, हेही विचारलंत. सभागृह भाड्याने दिलं एवढ्यावरून मी करणार नाही. विक्रीत वाटा घेतल्याचा कागद असेल तर दाखवा, मग बघू. त्याच शिबिरात फसलेल्या तुमच्या गल्लीतल्या दोघांनी वेगळ्या तक्रारी कराव्यात. त्यांच्या तारखा वेगळ्या आहेत, आणि एकत्र अर्जासाठी परवानगी मागत बसायला तुमच्याकडे वेळ नाही.

पत्राच्या समासात लिहिलेला मजकूर मी दोनदा वाचला. गेल्या आठवड्यात नव्या नंबरवरून फोन आला, ‘कंपनीकडून ७०,००० परत मंजूर झालेत, ५,००० प्रोसेसिंग फी भरा.’ एक रुपयाही भरू नका. ज्यांना एकदा फसवलं त्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात, तुमचं नाव अशाच एखाद्या यादीत असणार. ओटीपी सांगितला असेल किंवा त्यांनी पाठवलेलं ॲप फोनमध्ये घेतलं असेल, तर हे वाचून झाल्यावर नाही, आत्ताच बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. नंबर आणि कॉलची वेळ लिहून ठेवा. जुन्या कंपनीतल्याच कुणाचा तो निघाला, तर तक्रारीत एक परिच्छेद वाढवू.