टेक्सास गिननला एवढ्या वेळा पकडूनही शिक्षा का झाली नाही?

तुम्ही विचारलंय की न्यूयॉर्कची नाइटक्लबवाली टेक्सास गिनन अमेरिकेतल्या दारूबंदीत इतकी गाजली, इतक्यांदा पोलिसांनी उचलली, मग ती सुटायची कशी. थोडक्यात सांगायचं तर कोर्टात तिचं म्हणणं कायम एकच, की मी इथे पगारावर आहे, लोकांना हसवते, टेबलावर काय येतं ते मला विचारू नका. आणि खरंच एप्रिल 1929 मध्ये ज्युरीने तिला निर्दोष सोडलं.

पण मला विचाराल तर या बाईचा खरा माल दारू नव्हताच. दारू तेव्हा न्यूयॉर्कात गल्लोगल्ली मिळत होती, त्यासाठी तिच्याकडे कशाला जायला पाहिजे? लोक जायचे ते तिच्याकडून चारचौघांत स्वतःचा पोपट करून घ्यायला. दारात गिऱ्हाईक दिसलं की ही ओरडणार "हॅलो, सकर!", म्हणजे आपल्या भाषेत "या, बकरा आला!", आणि तो बकरा खूश, कारण सगळा क्लब वळून त्याच्याकडे बघतोय. हॉलच्या मधोमध उंच जागी बसायची, अंगावर ढीगभर दागिने, हातात शिट्टी, लोकांना वाजवायला लाकडी खुळखुळे वाटलेले, कोण आमदार कोण बँकवाला कोण गुंड याची पर्वा न करता सगळ्यांची एकाच मापाने उतरवायची. बिल बघून डोळे पांढरे व्हायचे, साध्या पाण्याचेसुद्धा पैसे, तरी दुसऱ्या रात्री तोच माणूस मित्रांना घेऊन हजर!

मूळची ती टेक्सासमधल्या वेको गावची, जन्म 1884, खरं नाव मेरी लुईस सेसिलिया गिनन, घरचे आयरिश कॅथलिक. आधी स्टेजवर गायली, मग मूकपटांत बंदूकवाली काउगर्ल झाली. स्वतःबद्दल थापाही भरपूर मारायची, म्हणजे पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये काय काय केलं वगैरे, त्यामुळे तिने स्वतः सांगितलेलं चरित्र मी तरी अर्धंच खरं धरतो. चाळिशीच्या आसपास नट्यांना कामं मिळणं बंद होतं ना, तिथे हिची खरी गाडी सुटली. 1924 मध्ये लॅरी फे नावाच्या टॅक्सीवाल्या कम गुंडाने तिला एल फे क्लबात आणलं. तिथे नाचणाऱ्या पोरींमध्ये रुबी कीलर होती, अगदी कोवळ्या वयाची, पुढे हॉलिवूडची स्टार झाली, आणि जॉर्ज राफ्टसुद्धा तिथेच नाचायचा. प्रत्येक पोरीचा नाच संपला की ही लोकांकडून जोरदार टाळ्या वसूल करणारच, ते तिचं ठरलेलं.

आता कायद्याची गंमत. 1920 पासूनच्या अमेरिकन दारूबंदीत बनवणं, विकणं, ने-आण करणं गुन्हा होता, पिणं नव्हे. म्हणून सरकारने दुसरा रस्ता काढला, कोर्टातून ऑर्डर आणायची आणि जागेलाच टाळं ठोकायचं, चक्क वर्षभरासाठी. हिचे क्लब असे एकामागून एक बंद झाले. मग बाईने काय करावं? छोट्या छोट्या कुलपांची माळ करून गळ्यात घातली! आणि एका क्लबाला टाळं लागलं की दुसरीकडे दुसऱ्या नावाने चालू. धाड पडली की बँडला तुरुंगाचं गाणं वाजवायला लावायची, की पेपरात फोटो, की फुकट जाहिरात. आपल्या मुंबईत 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर आंटीचे अड्डे चालायचे ते आवाज न करता, दार किलकिलं ठेवून. हिने बरोबर उलटं केलं, नाव लाइटमध्ये लावलं. मला वाटतं म्हणूनच तिला अडकवणं सरकारला जड गेलं, ज्या बाईकडे सगळं शहर हजेरी लावतंय तिच्याविरुद्ध ज्युरीतली बारा माणसं कशी उभी राहणार? (हा माझा अंदाज हं.)

1931 मध्ये सगळा ताफा घेऊन युरोपला निघाली तर इंग्लंडने घेतलं नाही, फ्रान्सनेही बंदरावरूनच परत पाठवलं. दुसरी असती तर तोंड लपवून बसली असती, हिने घरी येऊन त्याच शोचं नाव "टू हॉट फॉर पॅरिस" ठेवलं आणि गावोगाव फिरवला. त्याच दौऱ्यांच्या धावपळीत, 1933 साली शिकागोत आमांशाची मोठी साथ आली होती त्यात ती सापडली आणि 5 नोव्हेंबरला कॅनडात व्हँकुव्हरला वारली, वय 49. दारूबंदी उठली 5 डिसेंबरला, म्हणजे बरोब्बर एक महिन्याने. लॅरी फे त्याच वर्षी 1 जानेवारीला गेलेला, त्याच्याच क्लबाच्या दरवानाने पगार कापला म्हणून गोळी घातली.

आणि हो, स्टार ट्रेक ही अंतराळातली मालिका बघत असाल तर त्यात व्हूपी गोल्डबर्ग अंतराळजहाजावरचा बार सांभाळते ना, त्या पात्राचं गिनन हे नाव हिच्यावरूनच ठेवलंय. ती फारच शांत आहे बुवा, हिच्या बारमध्ये एवढी शांतता चालली नसती.